तुटलेला कोपरा आणि मिटलेले ओठ

आमच्या शाळेत परिपाठाची सुरुवात किरअतने होते. शाळा उर्दू माध्यमाची, मी तिथे मराठी शिकवते. तीन वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिची किरअत सुरू झाली की मागच्या रांगेतली मस्तीखोर मुलंही गप्प उभी राहायची. मराठी वाचनातही तिचा हात सगळ्यांत आधी वर असायचा.

एका दिवशी मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ ती घसरली आणि तोंड सिमेंटच्या कट्ट्यावर आपटलं. आम्ही धावलो. ओठ फुटला होता, रक्त येत होतं. चूळ भरायला लावली, ओठावर बर्फ धरला. रक्त थांबलं तेव्हा दिसलं की वरच्या मधल्या दाताचा एक कोपरा तिरका तुटून गेला आहे. दात हलत नव्हता. "दात जागेवर आहे, अल्लाहने वाचवलं," असं म्हणून आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. थोड्या वेळाने शिपाईमावशींनी तिथली जागा झाडून काढली. त्या केरात तिच्या दाताचा तुकडाही गेला. तो जपून ठेवायचा असतो, हे एवढ्या शिक्षकांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती शाळेत आली, पण ओढणीचं टोक ओठांवर धरून. किरअतसाठी नाव पुकारलं तर म्हणाली, "आपा, माझा घसा बसलाय." तो घसा दोन महिने बसलेलाच राहिला. वाचनाला वर येणारा हात खाली गेला. वर्गाच्या फोटोत ती मान खाली घालून उभी आहे.

मी एकदा तिला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा कळलं की प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. तज्वीद शिकलेल्यांना माहीत आहे, वरच्या मधल्या दोन दातांना 'सनाया उलिया' म्हणतात. 'फे' हे अक्षर या दातांची कड खालच्या ओठाच्या आतल्या भागाला टेकवून निघतं. 'से', 'जाल' आणि 'जोए' यांच्यासाठी जिभेचं टोक याच दातांच्या कडेला लागतं. ती कडच तुटली होती. तिला वाटायचं, आपला उच्चार घसरतो आहे आणि सगळे हसत आहेत. कुणी हसत होतं की नाही कोण जाणे. तिचं वाचणं मात्र थांबलं होतं.

दाताला 'टाकी' लावण्याची युक्ती

मी तिच्या घरी गेले. तिचे अब्बा शिलाईकाम करतात, घरात दिवसभर मशीनचा आवाज. त्यांना वाटत होतं, दात काढून नवा बसवावा लागेल आणि मोठा खर्च येईल. शेवटी तिची अम्मी, मी आणि ती अशा आम्ही तिघी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी एक्स-रे काढला, दाताची नस शाबूत आहे याची खात्री केली आणि म्हणाल्या, "काढायचं काही कारण नाही. बाँडिंग करू. बहुतेक एका बैठकीत होईल."

बाँडिंग म्हणजे दाताच्या रंगाचा मऊ लगदा दातावर बसवून, त्याला आकार देऊन तो जागीच कडक करणे. या लगद्याला कॉम्पोझिट म्हणतात. त्यात राळेसारखा चिकट पदार्थ आणि काचेची किंवा सिलिकाची अतिशय बारीक भुकटी असते.

ही युक्ती जुनी नाही. दाताचं वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. तो गुळगुळीत असल्याने त्यावर काही चिकटून राहत नसे. 1955 साली अमेरिकेतील मायकेल ब्युओनोकोर या दंतवैद्याने दाखवून दिलं की इनॅमलवर थोडा वेळ फॉस्फोरिक आम्ल लावलं तर त्यावर राळ घट्ट धरते. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत हे आम्ल वापरतात, हे त्याला माहीत होतं. पुढे 1962 साली राफेल बोवेन या संशोधकाने मजबूत राळेचं पेटंट घेतलं. आजची बहुतेक कॉम्पोझिट्स त्याच वाटेने आलेली आहेत.

आपल्या भगिनींना हे समजायला अवघड नाही. पाटा वापरून गुळगुळीत झाला की मसाला वाटला जात नाही, मग आपण पाट्याला टाकी लावून घेतो. आम्लाने इनॅमलवर अशीच टाकी लागते, फक्त डोळ्यांना न दिसण्याइतकी बारीक. त्या खाचांमध्ये पातळ राळ शिरते आणि तिथेच कडक होते.

एका बैठकीत काय घडलं

डॉक्टरांनी सर्वांत आधी रंग जुळवला. खिडकीच्या उजेडात, दात ओला असतानाच. दात सुकला की तो खऱ्या रंगापेक्षा पांढरा दिसतो आणि रंग चुकतो, असं त्यांनी सांगितलं. मग तुटलेली कड थोडी घासून उतरती केली, म्हणजे जोड दिसू नये. आम्लाचा जेल पंधरा ते तीस सेकंद लावून धुतला. दात सुकवल्यावर तेवढा भाग खडूसारखा पांढुरका दिसू लागला. त्यावर चिकट द्रव लावून निळा प्रकाश धरला. नंतर कॉम्पोझिटचा पातळ थर, पुन्हा प्रकाश, पुन्हा थर. एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जाड थर लावत नाहीत, नाहीतर आतला भाग कच्चा राहतो. हा प्रकाश डोळ्यांना चांगला नसतो, म्हणून नारिंगी काच मध्ये धरली होती. शेवटी रंगीत कागद चावायला देऊन दात कुठे उंच लागतो का ते पाहिलं, घासून आकार दिला आणि चकाकी आणली.

इंजेक्शन नाही, रक्त नाही. सुमारे पाऊण तासाने मुलीच्या हातात आरसा दिला. तिने आधी जिभेने दात चाचपला, मग आरशात पाहिलं. अम्मीचे डोळे भरून आले होते.

बाँडिंगने आणखीही छोट्या गोष्टी सुधारता येतात. दोन दातांमधली लहान फट, जन्मतःच आखूड किंवा टोकदार राहिलेला दात, इनॅमलवरचे पांढरे-तपकिरी डाग. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने मुलांच्या दातांवर असे डाग पडतात. हलके डाग झाकता येतात. मात्र पाणी तेच राहिलं तर धाकट्या भावंडांचे येणारे दातही तसेच डागाळतील. तिथे इलाज पाण्यापासून सुरू करावा लागतो.

सगळ्याच दुखण्यांवर बाँडिंग चालत नाही, हेही लक्षात ठेवावं. अर्ध्याहून जास्त तुटलेला दात, खोल कीड, सुजलेल्या हिरड्या, वेडेवाकडे दात, झोपेत दात खाण्याची सवय, अशा वेळी आधी मूळ दुखण्यावर उपचार हवा. तुटलेल्या जागी मधोमध लाल ठिपका दिसत असेल तर नस उघडी पडली आहे असं समजावं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आजींचा प्रश्न

आम्ही परत आलो तेव्हा मुलीच्या दादी दारातच होत्या. दात पाहून खूश झाल्या, पण लगेच म्हणाल्या, "टीचरबाई, हे जायज आहे ना? अल्लाहने बनवलेल्यात बदल करू नये म्हणतात. आणि तिचं गुस्ल होईल का?"

प्रश्न रास्त होता. मी एका जाणत्या मौलानांना विचारलं. त्यांनी दोन हदीसकडे लक्ष वेधलं. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे. तिच्यात केवळ सुंदर दिसण्यासाठी चांगले दात घासून त्यांत फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांचा निषेध आहे. दुसरी हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजीमध्ये आहे. अर्फजा बिन असअद (रजि.) यांचं नाक अरबस्तानातल्या कुलाबच्या लढाईत कापलं गेलं होतं. त्यांनी चांदीचं नाक बसवलं, त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचं नाक बसवायला सांगितलं. एरवी पुरुषांना सोनं वर्ज्य, तरी इथे परवानगी मिळाली. मौलाना म्हणाले, "चांगलं असलेलं बिघडवणं वेगळं आणि बिघडलेलं दुरुस्त करणं वेगळं. तुटलेला दात नीट करणं हा इलाज आहे."

गुस्लबद्दल त्यांनी सांगितलं की हनफी फिकहमध्ये गुस्लच्या वेळी चूळ भरणं फर्ज आहे, आपल्या कोकणातले शाफई भाऊ ते सुन्नत मानतात. दातावर कायम बसवलेला आणि सहज न निघणारा पदार्थ दाताचाच भाग समजला जातो, त्यावरून पाणी गेलं की पुरे. काढता येणारी कवळी मात्र काढून चूळ भरावी. रमजानमध्ये उपचार करताना पाणी घशात जाण्याची भीती असते, म्हणून शक्यतो इफ्तारनंतरची वेळ घ्यावी किंवा काम रमजानच्या आधी उरकावं.

निव्वळ हौसेसाठी, धडधाकट दात सिनेमातल्यासारखे दिसावेत म्हणून काही करायचं असेल तर आपल्या विश्वासातल्या आलिमांना जरूर विचारावं. आणि स्वतःलाही विचारावं की आपल्याला खरंच कशाची कमतरता आहे.

दादींनी आणखी एक गोष्ट हळूच बोलून दाखवली, "चला, उद्या रिश्ता येईल तेव्हा कुणी नाव ठेवणार नाही." मी म्हटलं, "दादी, रिश्त्याला अजून खूप वर्षं आहेत. उद्या सकाळी तिला परिपाठाला उभं राहायचंय."

खर्च आणि काळजी

बाँडिंगचा खर्च गाव, डॉक्टर आणि दातांची संख्या यांवर ठरतो, पण साधारणपणे कॅप किंवा व्हेनियरपेक्षा तो बराच कमी असतो. आकडा आधीच विचारून घ्यावा, त्यात संकोच नको. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथे कमी खर्चात उपचार होतात. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे आहे का, हे पाहावं. रस्त्याच्या कडेला बसून झटपट दात चिकटवून देणाऱ्यांकडे जाऊ नये. घरातल्या गोंदाने दात जोडण्याचा प्रयोग तर मुळीच करू नये.

हे काम आयुष्यभराचं नसतं. सांभाळलं तर काही वर्षं टिकतं, मग घासून किंवा नव्याने करून घ्यावं लागतं. सांभाळायचं म्हणजे काय?

पहिले दोन दिवस चहा, कॉफी आणि हळदीचा गडद रस्सा टाळावा. कॉम्पोझिटवर डाग लवकर पडतात, आणि दात पांढरे करण्याच्या औषधाने त्याचा रंग बदलत नाही. पुढच्या दातांनी सुपारी, बर्फ, नळीचं हाड फोडू नये. नखं खाऊ नयेत. शिलाई करणाऱ्या घरांत दोरा दातांनी तोडण्याची सवय असते. आमच्या मुलीच्या घरी आता मशीनला कात्री बांधून ठेवली आहे. मऊ ब्रशने दोन वेळा दात घासावेत. मिसवाक करायचा तर टोक चांगलं चावून मऊ करावं. आणि मिसरी? ती भाजलेली तंबाखूच आहे. तिने बाँडिंग तर काळं पडतंच, हिरड्याही खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आपल्या घरांत आई-आजी "दात साफ होतात" म्हणून मिसरी लावतात, त्यांना प्रेमाने थांबवायला हवं.

मूल पडलं तर

डॉक्टरांनी मला शेवटी विचारलं होतं, "तुटलेला तुकडा आणलाय का?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "असता तर बहुधा तोच चिकटवून दिला असता. रंग, आकार, सगळं तिचं स्वतःचं." त्या दिवशी केरात गेलेला तो तुकडा माझ्या मनातून अजून गेलेला नाही. म्हणून हे प्रत्येक घराने आणि शाळेने लिहून ठेवावं:

दाताचा तुकडा शोधावा, दुधात किंवा स्वच्छ पाण्यात ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावा. तुकडा सापडला नाही तर तो फुटलेल्या ओठात रुतला आहे का, हे डॉक्टरांना पाहायला सांगावं.

पक्का दात मुळासकट निघून पडला तर त्याला वरच्या पांढऱ्या बाजूने धरावं, मुळाला हात लावू नये, घासू नये. माती असेल तर काही सेकंद वाहत्या पाण्याखाली धरून लगेच खाचेत बसवावा आणि रुमाल चावायला द्यावा. ते जमलं नाही तर दुधात ठेवून अर्ध्या-एक तासाच्या आत डॉक्टर गाठावा. दुधाचा दात असेल तर तो परत बसवू नये, त्याने खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. तरी मुलाला डॉक्टरकडे दाखवावं.

ती मुलगी आता दहावीत आहे. गेल्या पावसाळ्यात भुट्टा खाताना बाँडिंगचा एक कण उडाला, डॉक्टरांनी तो अर्ध्या तासात भरून दिला. उन्हात नीट पाहिलं तर त्या कोपऱ्याचा रंग किंचित वेगळा दिसतो, असं ती स्वतःच सांगते आणि हसते. तोंडावर ओढणी न धरता.

आमच्या शाळेच्या प्रथमोपचार पेटीत आता झाकणाची एक छोटी स्वच्छ डबी आहे. शिपाईमावशींना मी तिचा उपयोग समजावून सांगितला आहे. मुलं खेळताना पडली की आता झाडू घेण्याआधी त्या डबी घेतात.