चेंबरवरची खडूची रेघ

सकाळी ६.३०
शटर अर्धं वर केलं तोच बाहेर आबांचा ट्रक उभा. डिसेंबरची थंडी, आबा उपरण्यात कान गुंडाळून. "मिस्तरी, टर्बो गेला परत." या हंगामात तो दोनदा बदललाय. एकदा दुसऱ्या गॅरेजात, आणि महिन्यापूर्वी माझ्याच हातानं. म्हणजे शिव्या द्यायच्या तर निम्म्या माझ्या वाट्याच्या. रात्री गाडी कारखान्यावर खाली झाली आणि गव्हाणीपासून इथं राहुरीपर्यंत निळा धूर सोडत आली. तिकडं ऊस तोडून पडलाय, टोळी फडात बसून आहे. तुटलेला ऊस वाळतो, वजन घटतं, आणि ते आबांच्याच खिशातून जातं.

सकाळी ७.१५
चहा झाला, हवेचा पाइप सोडला. आत ऑइलचा थर. शाफ्टचं टोक चिमटीत धरून वर-खाली, पुढं-मागं हलवून पाहिलं. प्ले जेवढा असावा तेवढाच. पंखा कुठं घासलेला नाही. टर्बो चांगला होता!

पोऱ्यानं विचारलं, "उस्ताद, चांगलाय तर ऑइल कामून फेकतोय?" प्रश्न बरोबर. टर्बोत रबरी सील नसतं. पिस्टनच्या रिंगेसारखी एक बारीक रिंग असते. ती ऑइल अडवते ते आतलं ऑइल लगेच निघून जातं म्हणून. ते आत साचू लागलं की रिंगेच्या हातात काही राहत नाही, मग ऑइल एका बाजूनं इंजिनात आणि दुसऱ्या बाजूनं सायलेन्सरमध्ये. कोपऱ्यातल्या फळीवर महिन्यापूर्वी काढलेला जुना टर्बो पडलाय. तिकडं बघायचं टाळलं.

सकाळी ९.००
गाडीखाली. जे महिन्यापूर्वी बघायला हवं होतं ते आज बघितलं. इंजिन मुळात बिगर-टर्बोचं. ओढ वाढावी म्हणून कोणीतरी नंतर टर्बो चढवलेला. रिटर्न पाइप टर्बोखालून निघतो, चासीच्या ब्रॅकेटखाली लोंबतो, पुन्हा वर चढतो आणि चेंबरला शिरतो तो थेट ड्रेन प्लगच्या शेजारी, ऑइलात बुडालेला. तिथं हात सहज पोचतो, बसवणाऱ्यानं एवढंच पाहिलं असणार.

पोऱ्याला ताकाचा दाखला दिला. प्रेशर पाइप बारीक असतो, त्यातलं ऑइल पंपाच्या जोरानं वर चढतं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या घरात फिरतो. त्यात ते ताकासारखं असं घुसळलं जातं की खाली येताना त्याचा निम्मा फेस झालेला असतो. येताना पंप मदतीला नाही, फक्त स्वतःचं वजन. म्हणून रिटर्न पाइप जाड लागतो आणि उतार सलग लागतो. फेस हलका. चेंबरातल्या ऑइलाला ढकलून तो खाली घुसेल कसा? आणि पाइपात पोट पडलं की तिथंच ऑइल थांबतं.

मग ब्रीदर काढला. निम्मा चिखलानं बुजलेला. इंजिनात बॅक कॉम्प्रेशन असलं की आणि ब्रीदर बुजला की चेंबरातली हवा उलटी रिटर्न पाइपानं वर येते आणि उतरणाऱ्या ऑइलाला अडवते. ब्रीदर डिझेलमध्ये टाकला.

सकाळी १०.३०
आता रिटर्नसाठी नवी जागा. पहिली नजर ब्लॉककडं. पुष्कळ इंजिनांत टर्बोवाल्या आणि बिगर-टर्बोवाल्या मॉडेलचा ब्लॉक एकाच साच्यातला असतो. रिटर्नची जागा ओतीवच असते, वर नुसतं टोपण. तसं असतं तर दुपारपर्यंत मोकळे झालो असतो. या ब्लॉकला नाही. म्हणजे चेंबरच उतरवायचा.

गॅरेट कंपनीचं सांगणं असं की टर्बोचं ऑइल निघायचं तोंड उभ्या रेषेपासून ३५ अंशांच्या आत असावं. टर्बोचा मधला भाग फिरवून तोंड सरळ खाली आणलं. पाइप एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब हवा, नाहीतर आतलं ऑइल जळून कोळसा धरतं. आणि क्रँक फिरताना ऑइलाचा मारा जिथं बसतो ती भिंतही नको.

दुपारी १२.००
चेंबर सपाट फरशीवर पाचर लावून गाडीत बसतो तसा ठेवला आणि ऑइल भरतो तितके लिटर पाणी ओतलं. फिल्टरमध्ये जाणारं ऑइलही यात मोजलं जातं, म्हणून पाणी थोडं वरच चढतं. ही चूक आपल्या फायद्याची. पाण्याच्या उंचीवर बाहेरून खडूची रेघ, तिच्यावर तीन बोटं सोडून भोकाची खूण. आबा म्हणाले, "तीन बोटं कशाला, एक पुरे की." पण गाडी फडातून निघताना एका अंगाला कलते, आणि कललेल्या गाडीत ऑइल रेघ पाळत नाही.

दुपारी २.००
भाकरी, ठेचा. लेथवाल्याकडून जाड निपल आलं. इथून नगरला गेलं की व्हीआरडीईत लष्कराची वाहनं तपासतात. आमच्या ट्रकांचा टेस्ट ट्रॅक म्हणजे हा नगर–मनमाड रस्ता. इथल्या खड्ड्यांत लोंबता पाइप आठवडाभरात चासीवर घासून फाटतो, त्यामुळं क्लॅम्प दोन जागी मारायचं ठरलं.

दुपारी ३.३०
वेल्डिंग झालं. चेंबर आतून धुतला, बुरादा राहिला तर पंपात जाणार. बाहेरून टाक्यावर खडू फासला, आत डिझेल ओतलं आणि वीस मिनिटं थांबलो. एके ठिकाणी खडू ओला झाला. वेल्डरनं तोंड वाकडं केलं, पण टाका पुन्हा मारला. दुसऱ्यांदा खडू कोरडा.

संध्याकाळी ५.३०
चेंबर चढवला. रिटर्नच्या तोंडाला फक्त कागदी पॅकिंग, पेस्ट नाही. पेस्टचा ओघळ आत सुटला की तोच बूच होतो. इंटरकूलर नसल्यानं आज एक काम वाचलं, नाहीतर त्याच्या पोटातलं ऑइलही धुवावं लागलं असतं. स्टार्ट करण्याआधी टर्बोत वरून ऑइल ओतलं.

संध्याकाळी ७.००
सुरू. पहिली दहा मिनिटं निळा धूर, सायलेन्सरमधलं जुनं ऑइल जळत होतं. आबांचा चेहरा पडला. मग धूर विरळ झाला, मग नुसती ऊन हवा. ड्रायव्हरला सांगितलं, "भाऊ, यार्डात नंबर लागला की लगेच चावी फिरवू नको. दोन मिनिटं स्लोवर ठेव." त्यानं हो म्हटलं. ड्रायव्हर हो म्हणतातच.

रात्री ९.००
गाडी फडाकडं गेली. शटर ओढायच्या आधी फळीवरचा जुना टर्बो खाली घेतला, पुसला, शाफ्ट हलवून पाहिला. जादा प्ले नाही, पंखा घासलेला नाही. वही उघडून आबांच्या पानावर आजच्या मजुरीवर काट मारली. महिन्यापूर्वीच्या टर्बोच्या रकमेवर पेन बराच वेळ टेकवून बसलो. शेवटी तिच्यासमोर लिहिलं: निम्मे परत.