सामाईक घर आणि मृताचे ऋण



वारसाहक्काचा एक जुना तंटा बंगळूरच्या इतिहासाशी जोडलेला आहे. १६३८ साली विजापूरकरांनी हे ठाणे जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १६६४ मध्ये राजे निवर्तले. इकडची दौलत व्यंकोजीराजांच्या ताब्यात राहिली आणि वाटणीचा प्रश्न तेरा वर्षे तसाच पडून राहिला. १६७७ साली शिवाजीमहाराज दक्षिणेत उतरले, तेव्हा त्यांनी अर्धा हिस्सा मागितला. भावाभावांची भेट झाली, बोलणी फिसकटली, लढाई झाली, मग तह झाला. बंगळूर महाराजांनी भावजय दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिले, असे बखरीत सांगितले आहे.

दौलती गेल्या; घरे राहिली. याच शहरातल्या एखाद्या घराची कल्पना करू. वडिलांनी ते स्वकष्टाने बांधले. मृत्युपत्र न करता ते गेले. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. आई आणि थोरला त्या घरात राहतात, धाकटा पुण्याला असतो, मुलगी हुबळीस सासरी आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे चौघांचाही सारखा, म्हणजे चौथा हिस्सा. घरात कोण राहतो यावर हिस्सा ठरत नाही.

परंतु हिश्शाच्या आधी ऋण. घराची किंमत ८० लाख आणि त्यावर बँकेचे तारण-कर्ज २० लाख धरू. वडिलांच्या पश्चात थोरल्याने स्वतःच्या पगारातून मुद्दलाचे ४ लाख फेडले. आता घर विकले, तर प्रथम उरलेले १६ लाख बँकेचे. नंतर थोरल्याचे ४ लाख. बाकी ६० लाखांचे चार भाग, प्रत्येकी १५ लाख. मात्र ते ४ लाख त्यानेच भरले याच्या पावत्या हव्यात. सरकारी कागदपत्रांत निम्मे आयुष्य गेल्यावर माझे मत असे झाले आहे की, भावंडे हिश्शावरून क्वचित भांडतात. न लिहिलेल्या खर्चावरून हमखास भांडतात. कर्ज कोणी भरले, छप्पर कोणी दुरुस्त केले, आईच्या औषधांना किती लागले, हे एका वहीत लिहावे आणि सर्वांना दाखवावे.

कर्ज मालमत्तेपेक्षा मोठे निघाले तर? वारसाची जबाबदारी हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. तो स्वतः जामीन राहिला असेल तर गोष्ट निराळी. पूर्वी असे नव्हते. याच कर्नाटकातील कल्याणी नगरीत विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ रचली. त्या परंपरेत पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य होते, आणि न्यायालयेही ते मानीत. ९ सप्टेंबर २००५ नंतर काढलेल्या कर्जापुरते केवळ त्या आधारावर पुत्राला आता जबाबदार धरता येत नाही.

त्याच दुरुस्तीने आणखी एक अन्याय दूर झाला. आधीच्या कलम २३ प्रमाणे कुटुंबाच्या राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नसे. भाऊ वेगळे होईपर्यंत तिने थांबावे, असा नियम होता. हिस्सा कागदावर तिचा, किल्ली भावाची! आता ती मागणी तिला करता येते. तरीही ‘बहिणीने सही करून द्यावी’ ही घरोघरची अपेक्षा सुटलेली नाही. तिला हक्क सोडायचाच असेल तर तिने राजीखुशीने सोडावा. पण तो हक्कसोडपत्र नोंदवूनच. साध्या चिठ्ठीने स्थावरातला हक्क सुटत नाही.

चार खोल्यांचे घर चौघांत कापता येत नाही. अशा वेळी एकाने इतरांचे हिस्से विकत घ्यावेत, हे उत्तम. एखादा वारस आपला हिस्सा विकू लागला, तर कलम २२ प्रमाणे सहवारसांना तो घेण्याचा अग्रहक्क आहे. परक्याने हिस्सा घेऊन वाटणीचा दावा लावलाच, तर १८९३ च्या वाटणी कायद्याच्या आधारे कुटुंबीयांना तो न्यायालय ठरवील त्या किमतीस परत घेता येतो.

बंगळूरकरांसाठी एक सूचना. महानगरपालिकेतील ‘खाता’ ही कराची नोंद आहे, मालकीचा दाखला नव्हे. थोरल्याच्या नावे खाता झाला म्हणून बहिणीचा चौथा हिस्सा बुडत नाही. बँकेतील नामनिर्देशनाचेही तसेच: ज्याचे नाव लावले आहे, तो पैसे स्वीकारतो, ते असतात सर्व वारसांचे.