‘प्राइध’ : कळपाच्या एका वेल्श शब्दाची कुळकथा

इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. मेंढपाळी हा तेथील शेतकऱ्यांचा मोठा व्यवसाय होय. त्यांच्या जुन्या भाषेंत मेंढरांच्या कळपास ‘प्राइध’ म्हणतात. या शब्दाची कुळकथा पशुधन बाळगणाऱ्या आमच्या वाचकांस बोधप्रद वाटेल, म्हणून ती येथें देत आहों.

हा शब्द मूळचा वेल्श नव्हे. इ. स. ४३ पासून सुमारें ४१० पर्यंत ब्रिटनच्या मोठ्या भागावर रोमन लोकांचा अंमल होता. त्या काळांत पुष्कळ लॅटिन शब्द तेथील लोकांच्या तोंडीं बसले. ‘पॉन्त’ म्हणजे पूल, हा त्यांपैकींच एक. ‘प्राइध’ हा लॅटिन ‘प्रेदा’पासून निघाला, आणि ‘प्रेदा’ म्हणजे लूट !

लुटीचा कळप कसा झाला ? जमीन उचलून नेतां येत नाहीं. जनावरें मात्र स्वतःच्या पायांनीं चालत जातात. म्हणून शत्रूचीं हांकून आणलेलीं जनावरें हीच मुख्य लूट ठरली, आणि पुढें लुटीचा अर्थ मावळून कळप तेवढा उरला. ‘प्रेइधाइ अन्नून’ म्हणजे ‘परलोकांतील लूट’, या प्राचीन वेल्श काव्याच्या नांवांत जुना अर्थ अद्याप टिकून आहे.

हें आपणांस परकें नाहीं. विराटाचें गोधन कौरवांनीं हांकून नेल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. आणि गुरें सोडवितांना पडलेल्यांचे वीरगळ महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं उभे आहेत.

वेल्श भाषेंत ‘किनेविन’ असा आणखी एक शब्द आहे. मेंढरांच्या अंगवळणीं पडलेली डोंगराची हद्द, असा त्याचा अर्थ. तेथें कुंपण नसतें; कोंकरूं आईमागें फिरून ती हद्द शिकतें. २००१ सालीं ब्रिटनमध्यें लाळ-खुरकताची सांथ आली व ६० लाखांहून अधिक जनावरें मारावीं लागलीं. त्यांत वेल्समधील डोंगरावरचेही कळप गेले. नवीं मेंढरें बाजारांत मिळतात. परंतु त्यांस हद्द ठाऊक नसल्यामुळें धन्यास तीं दीर्घकाळ राखून शिकवावीं लागतात.

यावरून घेण्याजोगा बोध इतकाच, कीं कळपाची किंमत केवळ डोकीं मोजून होत नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या रानांत मुरलेलें जनावर विकण्यापूर्वीं शेतकऱ्यानें याचा विचार अवश्य करावा.