हादरा थांबला, तरी भीती का थांबत नाही?

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीची जमीन हलू लागली. धक्क्यांचे केंद्र धुंदलवाडीच्या आसपास होते, पण ते डहाणू, घोलवड, बोर्डीच्या किनाऱ्यापर्यंत जाणवत. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात लागोपाठ धक्के बसले. त्यातला एक ४.१ तीव्रतेचा होता. त्या दिवशी घराबाहेर पळताना पडून एका दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. ऐन थंडीत माणसे लेकराबाळांसह अंगणात आणि तंबूत झोपली. शाळा झाडाखाली भरल्या.

तेव्हाच्या भीतीला कोणी वेडेपणा म्हणू नये. भिंतींना तडे जात होते, कौले सरकत होती. अशा वेळी जो घाबरून बाहेर पडतो तो शहाणाच. भीती ही शरीराची राखणदार आहे. धोका दिसला की छाती धडधडते, श्वास वाढतो, तळहाताला घाम येतो, पाय पळायला तयार होतात. ही सोय नसती तर माणूस साप-विंचवांपासून कधीच वाचला नसता.

आम्ही लिहितो आहोत ते पुढच्या गोष्टीबद्दल. धक्के कमी झाले, कित्येक महिने काही जाणवले नाही, तरी घरातली एखादी बाई दाराला कडी लावून आंघोळ करू शकत नाही. रस्त्यावरून भरलेला डंपर गेला की ती चुलीवरचे तसेच टाकून अंगणात येते. पंखा हलतो का, तांब्यातले पाणी हलते का, हे रात्री उठून बघते. मुलांना आत झोपू देत नाही. घरचे आधी समजावतात, मग हसतात, मग चिडतात. ‘तुझे रोजचे नाटक’ हे वाक्य तिला इतक्यांदा ऐकावे लागते की ती बोलणेच सोडते. धोक्याच्या मानाने भीती फार मोठी असेल, सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकली असेल आणि तिच्यामुळे रोजचे जगणे अडत असेल, तर डॉक्टर तिला फोबिया म्हणतात. तिच्यावर उपचार आहेत, आणि मनाच्या आजारांत लवकर गुण येणाऱ्यांपैकी ही एक तक्रार आहे.

फोबिया कशाचाही असू शकतो. उंची, अंधार, कुत्रा, झुरळ ही आपल्या ओळखीची नावे. पण कोणाला शर्टाच्या बटणाची भीती वाटते, कोणाला फुगा फुटण्याची. घास घशात अडकेल या भीतीने कोणी महिनोन्‌महिने पेज आणि वरणाच्या पाण्यावर काढतो आणि वाळून जातो. मधमाशांचे पोळे किंवा कमळाच्या फळातली भोके पाहून काहींच्या अंगावर शहारे येतात. ऐकणाऱ्याला हसू येते, म्हणूनच अशी माणसे सांगत नाहीत. आपली भीती खुळी आहे हे त्यांनाही कळते. कळूनही पाय हलत नाही, यातच तो आजार आहे. म्हणून ‘अरे, त्यात घाबरण्यासारखे काय आहे?’ या प्रश्नाचा उपयोग शून्य.

मग ही भीती टिकते कशावर? पळण्यावर. ती बाई डंपरच्या आवाजाला अंगणात पळते आणि दोन मिनिटांत तिची धडधड थांबते. मन त्यातून धडा घेते की बाहेर आले म्हणून वाचले. खरे तर ती आत बसली असती तरी काही झाले नसते, पण ते पाहायची संधी मनाला मिळतच नाही. प्रत्येक पळण्याने भीतीला एक घास मिळतो. पुढे डंपर लागत नाही, दुचाकीचा आवाजही पुरतो. घरचे लोकही नकळत हेच वाढवतात. तिच्यासाठी दार उघडे ठेवतात, तिच्याऐवजी आत जाऊन वस्तू आणतात. मायेपोटीच करतात, पण भीती त्यावर पोसते.

उपचार याच्या नेमका उलटा चालतो. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा आवडीचा खाऊ खात असताना ससा आधी लांब, पिंजऱ्यात ठेवला. मग दर वेळी थोडा जवळ आणला. शेवटी मुलगा सशाला हात लावू लागला. आजचे उपचार अधिक पद्धतशीर झाले आहेत, पण गाभा तोच आहे. भीतीच्या गोष्टीकडे पायरी पायरीने जायचे, आणि प्रत्येक पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबायचे. ती ओसरतेच, कारण शरीर तासन्‌तास तेवढी धडधड चालवू शकत नाही.

भूकंपाच्या भीतीवर तर वेगळे कामही झाले आहे. ऑगस्ट १९९९ मध्ये तुर्कस्तानात मोठा भूकंप झाला, हजारो माणसे मेली. वाचलेल्यांपैकी कित्येक जण धड उभ्या असलेल्या घरातही शिरेनात. मेटिन बाशोलू या डॉक्टरांच्या गटाने त्यांना एकाच बैठकीत भीती कशी टिकते ते समजावले आणि टाळलेल्या जागी जाणे सुरू करायला सांगितले. पुढे त्यांनी हलणारी एक छोटी खोली वापरली. हादरा कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा, हे आत बसलेल्या माणसाच्याच हातात असे. बऱ्याच जणांना त्याने गुण आला.

आपल्याकडे तशी खोली नको, घर आहेच. पण आधी एक पाहावे. भिंतीला मोठे तडे असतील, छत धड नसेल, तर तिथली भीती फोबिया नाही. आधी घराची पाहणी आणि दुरुस्ती. घर ठीक असेल तर पहिल्या दिवशी दुपारी दार उघडे ठेवून दहा-पंधरा मिनिटे आत बसणे, सोबत घरचे कोणी. ते सोपे वाटू लागले की दार लोटून. मग एकटीने. मग डंपर जाताना जागेवरून न उठणे. शेवटी रात्र. एका पायरीला चार दिवस लागोत की दहा, घाई नाही. फक्त भीती शिगेला असताना उठून पळायचे नाही, एवढा एकच नियम. खरा धक्का बसला तर मात्र नेहमीसारखे मोकळ्या जागी जावे. त्यात काही बदल नाही.

हे लिहिताना आम्हाला मज्झिम निकायातले भयभेरव सुत्त आठवले. बोधी मिळण्यापूर्वी आपण अष्टमी-चतुर्दशीच्या रात्री मुद्दाम भीतीदायक वनचैत्यांत राहत होतो, असे तथागत जाणुस्सोणि ब्राह्मणाला सांगतात. हरिण यायचे, मोर काटकी पाडायचा, वाऱ्याने पाला वाजायचा आणि भय दाटायचे. चालत असताना भय आले तर ते जाईपर्यंत ते चालतच राहिले, बसले नाहीत. बसलेले असताना आले तर बसूनच राहिले. सुत्तात आधुनिक उपचार शोधण्याचा आमचा आग्रह नाही. पण भयाला पाठ न दाखवता ते तपासून पाहावे, ही रीत विहारात बसणाऱ्या माणसाला परकी वाटू नये.

उलट वस्तीत अजून घडते ते असे. बाई दचकते, रात्री ओरडते, म्हणून ‘बाहेरचे लागले’ ठरते आणि तिला भगताकडे नेतात. अंगारा-दोऱ्यात पैसे जातात, वर ‘काहीतरी आहे’ हा समज पक्का होऊन भीती दुप्पट होते. मिरचीची धुरी देणे, बांधणे, मारणे हा तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पुरुषांची तऱ्हा वेगळी. ते भगताकडे जात नाहीत, संध्याकाळी दोन घोट घेतात. दारूने तेवढा वेळ भीती दबते आणि सकाळी व्याजासकट परत येते. झोपेच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून खाणेही तसेच, त्यांची सवय लागते. औषधे काहींना खरोखर लागतात, पण ती डॉक्टरांनी ठरवावीत.

एक भीती मात्र या सगळ्यांहून निराळी, आणि आमच्या मते सर्वांत महाग पडणारी: सुईची आणि रक्ताची. तिच्यामुळे गरोदर बाई रक्त तपासायला जात नाही, सिकलसेलची तपासणी राहून जाते, कुत्रा चावलेला माणूस इंजेक्शनचे पुढचे डोस टाळतो. रेबीज झाल्यावर त्यावर इलाज नाही. या भीतीत आधी रक्तदाब वाढतो आणि मग एकदम खाली येतो. म्हणून चक्कर येऊन माणूस पडतो. इथे ‘अंग सैल सोड’ हा सल्ला चुकीचा ठरतो. स्वीडनच्या लार्स-गोरान ओस्त यांनी उलटी युक्ती रूढ केली. हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम झालासा वाटेपर्यंत. मग अर्धा मिनिट नेहमीसारखे बसायचे. असे पाच वेळा. घरी आठवडाभर सराव करून मग जावे. सुई टोचायची तो हात मात्र सैल ठेवावा. पूर्वी चक्कर आली असेल तर सिस्टरताईंना आधीच सांगून आडवे पडून रक्त द्यावे. गरोदर बाईने किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्याने हा सराव डॉक्टरांना विचारूनच करावा.

घरच्या घरी जमत नसेल, छातीत धडधड वारंवार होत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर थांबू नये. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना सांगावे. मनाच्या आजाराचे डॉक्टर कुठल्या दिवशी कुठे बसतात ते तिथे कळते. फोनवर काय बोलायचे सुचत नसेल तर एवढेच सांगा: कशाची भीती वाटते, कधीपासून वाटते, आणि तिच्यामुळे कोणते काम बंद पडले आहे.