मूर्तिविरोधकांच्या धर्मातील चित्रे

सतराव्या शतकात इंग्लंडमधून अमेरिकेतील न्यू इंग्लंडात जाऊन वसलेल्या प्युरिटनांनी, म्हणजे उपासनेतील कॅथलिक प्रथांचे सर्व अवशेष दूर करू पाहणाऱ्या प्रोटेस्टंटांनी, बायबलमधील दहा आज्ञांपैकी मूर्ती घडविण्यास मनाई करणारी आज्ञा इतक्या कसोशीने पाळली की त्यांच्या प्रार्थनागृहांत ना क्रूसावरचा ख्रिस्त होता, ना संतांचे पुतळे. मात्र त्यांच्याच दफनभूमीतील शिळांवर पंख फुटलेल्या कवट्या कोरलेल्या दिसतात, कारण त्यांचा विरोध चित्र पाहण्यास नव्हे, तर चित्राची आराधना करण्यास होता. आणि उपासना व उपदेश यांतील या भेदामुळेच पुढे अमेरिकी प्रोटेस्टंट धर्मात चित्रांचा शिरकाव झाला.

एकोणिसाव्या शतकात छपाई स्वस्त झाली, तेव्हा १८२५ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन ट्रॅक्ट सोसायटीने धर्मप्रचाराच्या लहान पुस्तिका लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांनी सजवून गावोगाव पोहोचविल्या, तर १८४३ ते १८४६ या काळात भागाभागांनी निघालेल्या हार्पर प्रकाशनाच्या बायबलमध्ये १,६०० हून अधिक चित्रे होती. ख्रिस्ताचे पुनरागमन जवळ आले आहे असे मानणाऱ्या विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी भविष्यवाण्यांतील पशू आणि कालगणना दाखविणारे मोठे तक्ते सभांमध्ये टांगले, म्हणजे चित्र हे युक्तिवादाचेही साधन झाले.

या प्रवासाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे शिकागोचे चित्रकार वॉर्नर सॉलमन यांनी १९२४ मधील आपल्याच कोळशाच्या रेखाटनावरून १९४० मध्ये रंगविलेले 'हेड ऑफ क्राइस्ट' हे तैलचित्र होय. छायाचित्रकाराच्या स्टुडिओतील प्रतिमेसारखी रचना असलेल्या या चित्राच्या खिशात मावणाऱ्या प्रती दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना वाटण्यात आल्या, नंतर ते घरे, रविवारच्या शाळा आणि रुग्णालये यांच्या भिंतींवर गेले, आणि त्याच्या एकूण प्रती ५० कोटींहून अधिक असल्याचे सांगितले जाते. कलासमीक्षकांनी आणि काही धर्मशास्त्रज्ञांनी त्याला भावविवश ठरविले, तरी डेव्हिड मॉर्गन या अभ्यासकाने श्रद्धाळूंकडून मागविलेल्या शेकडो पत्रांवरून असे दिसले की अनेकांच्या दृष्टीने येशू खरोखर असाच दिसत होता.

नेमका हाच विश्वास वादाचा विषय ठरला, कारण पॅलेस्टाइनमधील एका यहुद्याला गोऱ्या वर्णाचे आणि मऊ तपकिरी केसांचे रूप दिल्याने देवत्व आणि गोरेपणा यांची सांगड सहजच मनात रुजत होती. डेट्रॉइटमधील धर्मोपदेशक अल्बर्ट क्लीज यांनी १९६७ च्या ईस्टरला आपल्या चर्चमध्ये कृष्णवर्णीय माता मरियेचे ग्लँटन डाउडेल यांनी रंगविलेले भव्य चित्र अनावृत केले. ज्या रंगीत काचेच्या खिडकीवर ते बसविले, तिच्यात न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या गोऱ्या वसाहतकारांचे दृश्य होते. त्याआधी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील शेतमजुरांनी डेलानो ते सॅक्रामेंटो या पदयात्रेत ग्वादालुपेच्या मातेचे, म्हणजे मेक्सिकन कॅथलिकांच्या सावळ्या वर्णाच्या माता मरियेचे, निशाण अग्रभागी धरले होते.

म्हणून अमेरिकेतील धर्म केवळ प्रवचने आणि ग्रंथ यांच्या आधारे समजून घेणे अपुरे ठरते. देवाचा चेहरा कोणासारखा दिसावा हा तेथे धर्मश्रद्धेइतकाच नागरिकत्वाचा आणि प्रतिष्ठेचाही प्रश्न राहिला आहे.