अठरा अंशांची शिवण : कशेडीच्या जुन्या संगणकीय नकाशाचे वाचन

महाड आणि पोलादपूर ही शेजारची तालुक्याची गावे. पण भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांत ती एका कागदावर येत नाहीत. दोहोंच्या मधून अठरा अंश उत्तर अक्षवृत्त जाते. महाड ४७ एफ/८ या पत्रकावर, तर पोलादपूर आणि त्याच्या दक्षिणेचा कशेडी घाट ४७ जी/५ वर. कागदी नकाशे संगणकात उतरवले जाऊ लागले तेव्हा ही शिवणही संगणकात गेली. एका पत्रकावरचा ओढा दुसऱ्यावर नेमका त्याच बिंदूपाशी सुरू होईल याची खात्री नसते.

महाराष्ट्रात हे काम नव्वदच्या दशकात जोमाने सुरू झाले. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ सालचे. त्या काळात तयार झालेले नकाशा-संच आज उघडायला गेले तर बरेचदा उघडत नाहीत, आणि उघडले तरी बोलत नाहीत. ते बोलते का करायचे, हे या भागात विचारण्याची गरज नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या महाड तालुक्यातल्या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळियेत ऐंशीहून अधिक गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी आल्या. आज उपग्रहाचे ताजे चित्र कोणालाही मिळते. पण चौपदरीकरणासाठी डोंगर कापण्याआधी कशेडीचा उतार कसा होता, जंगल कुठवर होते, ओढे कुठून उतरत होते, हे ताज्या चित्रात दिसणार नाही. ते जुन्या संचातच असणार.

असा एक संच हाती आला असे समजू. पहिली अडचण माध्यमाची. फ्लॉपी किंवा टेप वाचणारे यंत्र शोधावे लागते, आणि कोकणच्या दमट हवेत चुंबकीय फितीवर बुरशी चढलेली असू शकते. इथे एकच पथ्य : मूळ वस्तूवर प्रयोग करायचे नाहीत. तिची बिट-बिट जशीच्या तशी प्रत काढायची, आणि पुढचे सगळे त्या प्रतीवर.

दुसरी अडचण बांधणीची. भौगोलिक माहिती प्रणालीत प्रत्येक वस्तूचे दोन भाग असतात. एक आकार, म्हणजे बिंदू, रेषा वा क्षेत्र. दुसरा तक्ता, म्हणजे त्या आकाराविषयीची माहिती. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या आर्क-इन्फो या प्रणालीत आकार एका फोल्डरमध्ये आणि तक्ते शेजारच्या ‘इन्फो’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेले असत. हे ठाऊक नसलेल्या माणसाने फक्त पहिला फोल्डर उचलून नेला, तर रेषा आल्या पण त्या कशाच्या ते मागेच राहिले. निनावी रेषांचा असा गुंता म्हणजे वारसांची नावे गळालेला सातबारा. त्यातल्या त्यात नशीब चांगले असेल तर कोणीतरी ‘ई-शून्य-शून्य’ प्रकारची निर्यात करून ठेवलेली असते. ती साध्या अक्षरांत असल्याने कुठल्याही संगणकावर वाचता येते. नसेल तरी ‘जीडाल’ हा मुक्त आज्ञावली-संच जुने आर्क-इन्फो थर वाचू शकतो, त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही.

तक्ता उघडला की गावांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची गिचमिड दिसू शकते. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक मराठी फाँटची अक्षरांची मांडणी वेगळी होती. फाँट कोणता होता ते कळले तर गिचमिडीतून ‘कशेडी’ परत मिळते. जुन्या मराठी मासिकांच्या संगणकीय प्रती जपणाऱ्यांना हे दुखणे नवे नाही.

आणि मग खरी मेख. जुने नकाशे पृथ्वीचा जो आकार धरून काढले होते तो एव्हरेस्टचा, १८३० सालचा. आजचा जीपीएस जो धरतो तो वेगळा, १९८४ सालचा. त्यामुळे एकाच जागेचे अक्षांश-रेखांश दोन्हींत वेगळे येतात, आणि कोकणात हा फरक जमिनीवर शंभर मीटरहून जास्त भरतो. पठारावर शंभर मीटरने विशेष बिघडत नाही. कशेडीसारख्या घाटात तेवढ्यात ओढ्याच्या तोंडाशी असलेले घर नकाशावर धारेच्या सुरक्षित बाजूला जाऊन बसते. संचासोबत गोलाभाची आणि प्रक्षेपणाची नोंद नसेल, तर चूक दिसतही नाही. नकाशा छान दिसतो.

नोंद नसेल तेव्हा ओळखीच्या खुणा जुळवून अंतर काढावे लागते. खुणा निवडताना पूल टाळावेत. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला. जुन्या थरातला पूल आणि आजच्या चित्रातला पूल ही एकच वस्तू नव्हे. महामार्गही नकोत. रस्ता रुंदावला, कशेडीला बोगदा झाला, आणि तक्त्यातला ‘१७’ आता ‘६६’ झाला. त्यापेक्षा डोंगरमाथा बरा, किंवा जागा न बदललेले देऊळ.

आकड्यांचे तर आणखीच. २००१ च्या जनगणनेत रायगड जिल्ह्याचा क्रमांक राज्यापुरता २४ होता, २०११ मध्ये देशभराच्या यादीत तो ५२० झाला. १९८१ पूर्वीच्या नोंदींत तर रायगड नावच नाही, तिथे कुलाबा शोधावा लागतो. उताराच्या थरात एखाद्या क्षेत्रापुढे नुसते ‘४’ लिहिलेले असेल, तर ते सर्वांत धोक्याचे की सर्वांत सुरक्षित? संगणकाला ते माहीत नाही. ती किल्ली छापील अहवालाच्या परिशिष्टात असते, नाहीतर तो थर करणाऱ्याच्या डोक्यात.

जगातली पहिली भौगोलिक माहिती प्रणाली कॅनडाची, रॉजर टॉमलिन्सन यांनी साठच्या दशकात उभारलेली. तिलाही हेच भोगावे लागले. नव्वदच्या दशकात ती बंद पडली तेव्हा देशभराच्या जमिनींचे वर्गीकरण टेपांवर अडकून पडले होते. ते सोडवता आले, कारण जुनी बांधणी जाणणारी माणसे अजून हाताशी होती. आपल्याकडेही नव्वदच्या दशकात डिजिटायझरच्या पाटावर बसून समोच्च रेषा गिरवणारी पिढी आता निवृत्त होते आहे. माझ्या मते यंत्राआधी या माणसांना गाठावे, आणि त्यांच्याकडून प्रत्येक आकड्याचा अर्थ लिहून घ्यावा.

एवढे सगळे साधले तरी एक गोष्ट संचात सापडेलच असे नाही. तळियेत दरड कोसळली ती कोंढाळकरवाडीवर. जनगणनेचा क्रमांक गावाला असतो, वाडीला नसतो. त्या क्रमांकावर बेतलेल्या थरात तळिये हा एक आकार आणि एक ओळ. वाड्या त्यातच विरघळलेल्या. जुन्या सर्वेक्षण पत्रकावर मात्र घरांचे बारीक काळे ठिपके असतात, कधी शेजारी वाडीचे नावही. म्हणून सोडवलेल्या थराखाली ४७ एफ/८ आणि ४७ जी/५ ही पत्रके स्कॅन करून अंथरायची, आणि ठिपका दिसेल तिथे हाताने बिंदू ठेवत जायचे. त्या बिंदूंपुढे नावे लिहायला पुन्हा महाड-पोलादपूरच्या वाड्यांतच जावे लागते.