जिनिंगचा मजूर आजारी पडला तर?

दिवाळीच्या सुमारास घाटंजी परिसरात कापूस येऊ लागतो आणि जिनिंगवर मजुरांची वर्दळ वाढते. रेच्याजवळ काम करणाऱ्या काहींना आठवडी सुटीनंतरच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते, कोरडा खोकला येतो, धाप लागते. सुटीत बरे वाटते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या विकाराला डॉक्टर ‘बिसिनोसिस’ म्हणतात. सुरुवातीलाच धूळ टाळली तर तो आटोक्यात येतो. वर्षानुवर्षे अंगावर काढला तर दम कायमचा जडतो.

इलाजाचा खर्च कोणी द्यायचा? कमी पगाराच्या कामगारांसाठी १९४८ च्या कायद्याने कर्मचारी राज्य विमा आला. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. त्यावर कुटुंबाला औषधोपचार मिळतात आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरीही मिळते. मात्र या कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि त्यांच्या यादीत पहिलेच नाव कापूस जिनिंगचे! २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती व्याख्या कायम ठेवली.

उरते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. १ जुलै २०२४ पासून रेशनकार्डाचा रंग न पाहता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार तिच्यातून मिळतात. मोठ्या ऑपरेशनला हा खरोखरच आधार आहे. पण ठरावीक उपचारांसाठी, योजनेतील रुग्णालयात दाखल झाल्यावरच तो मिळतो. साध्या खोकल्याची तपासणी, मेडिकलमधून आणलेली औषधे, बुडालेली मजुरी यांतले काहीच त्यात बसत नाही. बिसिनोसिस तर बहुधा दाखल न होताच माणसाला पोखरतो.

म्हणून त्रास सुरू होताच ग्रामीण रुग्णालय गाठावे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर व तपासणी मोफत आहे. आपण जिनिंगवर काम करतो आणि त्रास कोणत्या दिवशी वाढतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, केसपेपरवर लिहून घ्यावे. नुकसानभरपाईच्या कायद्यात हा धंद्यामुळे होणारा आजार म्हणून नोंदलेला आहे. दावा करायची वेळ आली तर हेच जुने कागद आणि कामावर असल्याचा पुरावा उपयोगी पडतो. रुग्णालयात दाखल व्हायचे झाल्यास रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन प्रथम तेथील आरोग्यमित्राला भेटावे. चौकशीचा क्रमांक १५५३८८ आहे.

कामावर नाकातोंडाला फडका जरूर बांधावा, पण बारीक धूळ त्यातूनही आत जाते. ती ओढून घेणारे पंखे बसविणे हे मालकाचेच काम आहे.